गिब्ज रोडच्या चढावर

आमच्या ह्यांची आणि बाबुरावांची ओळख पोलिसांच्या गाडीत झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात दोघांना एकदमच धरलं. त्या गाडीत माणसं नुसती कोंबली होती. घोषणा देऊन घसे बसल्यावर ह्यांनी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, की हे इंजिन एवढं का कण्हतंय. शेजारचे गृहस्थ म्हणजे बाबुराव, नायगावच्या बी.डी.डी. चाळीतले, बसच्या डेपोत फिटर. त्यांनी तुरुंगाच्या दारापर्यंत ते कण्हणं समजावून सांगितलं. आत बराकीत दादरचे अण्णा भेटले, शाळेतले ड्रॉइंग मास्तर, आणि तेही मोटारवेडे निघाले. बाहेर सभा आणि हरताळ चालले होते, आणि आत आमचे सत्याग्रही मॉरिस बरी की फियाट यावर हमरीतुमरीवर येत होते. सुटून घरी आले तेव्हा गळ्यात हार होते आणि तोंडात हॉर्सपॉवर.

तेव्हापासून दर रविवारी आमच्या गिरगावच्या चाळीतल्या गॅलरीत ह्या तिघांची बैठक बसायची. तिघांकडे मिळून एक सायकलसुद्धा नव्हती, पण मतं मात्र प्रत्येकाची पक्की. बाबुराव म्हणायचे, गाडीचा दम बघावा. अण्णा म्हणायचे, दम बैलालाही असतो, गाडी बघावी वळणावर. आमचे हे विमा कंपनीत हेडक्लार्क. ते किमतीला घोड्यांच्या संख्येने भागायचे आणि एक घोडा केवढ्याला पडला ते सांगायचे. मी चहा करून करून कंटाळले, पण खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं. निवृत्तीला टेकलेली माणसं पोरांसारखी भांडताना पाहिली की घर भरल्यासारखं वाटतं.

ही सगळी हौस गॅलरीतच राहिली असती, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण आमची नलू डॉक्टर झाली. सकाळी तिचा ठाकुरद्वारला दवाखाना, संध्याकाळी आणि रविवारी सकाळी नायगावला. नायगावची खोली बाबुरावांनीच मिळवून दिली होती. मधल्या वेळात लालबाग, परळ, वरळी, जिथून बोलावणं येईल तिथे जायचं. कधी बस, कधी टॅक्सी, आणि हरताळ असला की चालत. त्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. उठली ती अर्धी होऊन उठली. तिने पैसे साठवले होते, मोटार चालवायचं लायसनही काढलं होतं. एका रविवारी बैठक बसलेली असतानाच तिने वडिलांना सरळ सांगितलं, की बाबा, मला एक छोटी, चपळ गाडी बघून द्या. दिवाळीपर्यंत मिळाली तर बरं, नाहीतर मी नायगाव सोडते. दोन्हीकडे पायी धावणं आता मला झेपणार नाही.

नायगाव सोडायचं हे बोलताना तिचा आवाज बदलला. तिकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडे जायच्या नाहीत, आणि दुसरी बाई डॉक्टर तिथे यायला तयार नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं. बाबुरावांच्या सुनेच्या बाळंतपणात नलूला घेऊन येणारी टॅक्सी परळच्या पुलाच्या चढावर बंद पडली होती. नलू उरलेली वाट धावत गेली. सून वाचली, मूलही वाचलं, पण अगदी थोडक्यात. बाबुराव उठताना एवढंच म्हणाले, "वहिनी, पोरीची गाडी चढावर थांबणार नाही, हे माझ्याकडे लागलं."

आणि तिथेच सगळा घोळ झाला.

बाबुरावांच्या डेपोत दुरुस्त झालेली बस पारखायची एक रीत होती. रिकामी बस कुणीही पळवील, म्हणून वाळूची पोती टाकून तिचं पासिंजरांइतकं वजन करायचं, चढावर न्यायची, मध्येच थांबवायची आणि पुन्हा उचलायची. उचलली तर पास. बाबुरावांनी हीच रीत नलूच्या गाडीला लावली. वाळूची पोती कुठून आणणार, म्हणून तिघे स्वतः बसायचे. आता बाबुराव तरुणपणी तालमीत घुमलेले, आणि तालीम सुटली तरी अंग सुटलं नव्हतं. आमच्या ह्यांचं पोट मी रांधलेलं, त्याबद्दल मी बोलू नये. अण्णा तेवढे सडसडीत, पण ते बरोबर ओळंबा आणायचे. गवंड्याकडचा ओळंबा गाडीच्या टपाला आतून टांगायचा आणि वळणावर तो किती कलतो ते बघायचं, ही त्यांची परीक्षा. शिवाय गाडीचा मालक, आणि मालकाचा ड्रायव्हर असला तर तोही. एवढी मंडळी घेऊन गाडीने केम्प्स कॉर्नरहून गिब्ज रोडचा चढ चढायचा. मी आणि नलू खाली फुटपाथवर उभ्या. जिला गाडी चालवायची तिलाच आत जागा नसायची.

मी एकदा बोलले. म्हटलं, ठाकुरद्वारहून नायगावला जाताना मलबार हिल कुठे लागतं? तर तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहा ठेवायला निघून गेले.

पहिली मॉरिस मायनर आली. अर्ध्या चढावर थांबवली, पुन्हा उचलताना धापा टाकू लागली. नापास. मग स्टँडर्ड आली, तिचंही तेच. मग एका नटाची लाल, उघडी, दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी आली. ती नलूला बघताक्षणी आवडली. अण्णांचा तर जीवच तिच्यावर जडला. ते तिच्याभोवती दोनदा फिरले, चाकावर हात ठेवून उभे राहिले. पण गाडी दोघांची आणि परीक्षक तिघे. शिवाय टपच नाही, ओळंबा टांगणार कुठे? परीक्षा घेता येत नाही म्हणून ती गाडी परत गेली. त्या दिवशी नलू घरी येऊन जेवलीच नाही. मला ह्यांचा असा संताप आला, की रात्रीच्या आमटीत मी मीठ घातलं नाही. ह्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

नवरात्र संपत आलं. नव्या गाडीसाठी नाव नोंदवलं तर किती थांबावं लागेल याचा भरवसा नव्हता. नलूने नायगावच्या बायकांना हळूहळू सांगायला सुरुवात केली, की दिवाळीनंतर केईएम हॉस्पिटलात जात जा. बाबुरावांच्या कमळाबाई माझ्याकडे येऊन बसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंचं बरोबर आहे हो, जीव महत्त्वाचा. पण आमच्या बायका काय केईएमला जातात? घरीच कण्हत बसतील." मला त्यांच्याकडे वर मान करून बघवेना.

आणि त्याच आठवड्यात रघुवीर कोठारे भेटले. गिरगावातले जुने सॉलिसिटर, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर गाडी चालवणं बंद झालेलं. त्यांची क्रीम रंगाची फियाट अकराशे, जपून वापरलेली. किंमत ऐकून ह्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि पहिल्यांदाच हसले. घोडा स्वस्त पडत होता. मात्र कोठाऱ्यांकडे दुसरं गिऱ्हाईक होतं. ते म्हणाले, रविवारी सकाळी काय ते ठरवा, दुपारी तो माणूस येणार आहे.

रविवारी आम्ही निघालो. नलूची बॅग तिच्या हातात होती, तिथून तिला परस्पर नायगावला बसने जायचं होतं. या वेळी मी हट्टाने म्हटलं, खाली नाही उभी राहणार, चढाच्या मध्यावर उभी राहीन, काय होतं ते डोळ्यांनी बघू दे. नलू माझ्याबरोबर चढून आली. मध्यावर आम्ही झाडाखाली थांबलो.

फियाट खालून आली. बाबुराव चालवत होते, शेजारी हे, मागे अण्णा, कोठारे आणि कोठाऱ्यांनी गाडी विकेपर्यंत ठेवलेला जाडजूड ड्रायव्हर. गाडीचं मागचं अंग रस्त्याला टेकायचं तेवढं बाकी होतं. ओळंबा टपाखाली डोलत होता. बरोबर आमच्यासमोर बाबुरावांनी गाडी थांबवली आणि पुन्हा उचलली. इंजिन बंद पडलं. पुन्हा उचलली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा क्लचचा जळका वास आला आणि गाडी हातभर मागे घसरली. बाबुरावांनी ब्रेक दाबून धरला. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं, की नायगाव गेलं.

मागून एक गाडी हॉर्न वाजवायला लागली. कोठारे म्हणाले, आता निदान रस्ता तरी मोकळा करा. तेव्हा ठरलं की सगळ्यांनी उतरून ढकलायची. पण स्टिअरिंगवर कुणीतरी हवं. सगळ्यात ताकदवान बाबुराव, ते मागे हवेत. ड्रायव्हरही मागे हवा. ह्यांना आणि अण्णांना गाडी चालवता येत नव्हती, आणि कोठाऱ्यांना दिसत नव्हतं.

"मी बसते," नलू म्हणाली. बॅग मागच्या सीटवर टाकून ती स्टिअरिंगवर बसली. मग शेजारचं दार आतून उघडून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, तूही बस."

मी बसले. मागे पाचही पुरुषांनी पदर खोचल्यासारखी धोतरं, पाटलोणी सावरली आणि गाडीला हात लावले. बाबुरावांनी "हं" म्हटलं. नलूने किल्ली फिरवली, गियर टाकला, हँडब्रेक सोडला.

गाडी उठली ती सरळ निघालीच. मी मागे वळून पाहिलं, तर पाच माणसं हात पुढे करून उभी, आणि हातांपुढे काही नाही. आमचे हे तोल जाऊन अण्णांच्या पाठीवर पडले. बघता बघता ते वळणाआड गेले.

मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती आणि टॅक्सीखेरीज मोटारीत बसले नव्हते. पण त्या सकाळी नलूने मला मलबार हिलवरून असं फिरवलं, की माझं वय गळून पडलं. चढ कुठे संपला ते कळलं नाही. वळणावर गाडी कलायची नाही, नुसती वळायची. अण्णांचा ओळंबा समोर लटकत होता, मी त्याच्याकडे बघायचं विसरूनच गेले. नलू आधी ओठ घट्ट मिटून चालवत होती. मग हसायला लागली. मग मला दिसलं की ती रडतेय.

"पोती," ती म्हणाली. "आई, तीन महिने मी पोती भरलेल्या गाड्या बघत होते."

टेकडीवरच्या बागेला वळसा घालून ती परत आली. उतरताना तिने गाडी बरोबर त्या तिघांपाशी उभी केली. तिघे फुटपाथच्या कठड्यावर ओळीने बसले होते. कोठारे आणि त्यांचा ड्रायव्हर जरा बाजूला उभे राहून हसत होते. बाबुराव उठले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या देहाकडे, आणि मग ह्यांच्या पोटाकडे. कुणालाच काही सांगावं लागलं नाही.

"काका, गाडी मी घेतली," नलू म्हणाली, आणि कोठाऱ्यांनी मान डोलावल्यावर पुढे म्हणाली, "आता दवाखान्यात जातेय. बसा सगळे, तुम्हालाही नेते."

तिघांच्याही चेहऱ्यावर हाव मी स्पष्ट पाहिली. इतकी वर्षं त्यांनी गाड्यांशिवाय दुसरं स्वप्न पाहिलं नव्हतं, आणि ही गाडी आता आपली होती. अण्णांचा हात दारापर्यंत गेलाही होता. ह्यांनी तो धरला.

"तू जा," हे नलूला म्हणाले. "आम्ही बसने येतो."

त्यांनी दार बाहेरून लावलं आणि लागलं की नाही ते दोनदा बघितलं.

आम्ही नायगावला पोहोचलो तेव्हा दवाखान्यापुढे बायका येऊन बसल्या होत्या. नलूने गाडी दारात लावली. कमळाबाई कुलूप काढत होत्या, त्या तशाच थांबल्या. नलू त्यांना म्हणाली, "कमळाबाई, केईएमचं जे सांगितलं होतं ना, ते नाही आता. मी येणार आहे. दिवाळीनंतरही."

कमळाबाईंनी ते बायकांना सांगितलं. बायकांनी गाडीकडे एकदा बघितलं आणि आपापल्या पोरांना आवरत आत सरकल्या. गाडीपेक्षा त्यांना आपला नंबर महत्त्वाचा होता.

बऱ्याच वेळाने तिघे आले. बस बदलून, उन्हातून चालत, घामाघूम. हे आणि अण्णा सरळ गाडीपाशी गेले आणि बॉनेटवर हात फिरवू लागले. बाबुरावांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. ते दवाखान्याच्या दाराशी आले, आत बाकावर दाटीने बसलेल्या बायका बघितल्या, पडद्याआडून येणारा नलूचा आवाज ऐकला. मग पायरीवर बसले आणि खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसत राहिले. घाम केव्हाच पुसून झाला होता.