सर्वांत आतला कप्पा

दिनांक नऊ, मंगळवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. विमानतळाचा प्रस्थान विभाग, सामान स्वीकारण्याची खिडकी क्रमांक चौदा. जे घडले ते या वेळी आणि या ठिकाणी घडले. मी तिथे होते, किंबहुना ज्या पट्ट्यावर ते घडले त्या पट्ट्यावर मीच होते; म्हणून माझ्या साक्षीला काही किंमत द्यावी, एवढीच माझी प्रारंभीची विनंती आहे.

मित्रांनो, मी एका छायाचित्रकाराची जुनी बॅग आहे. तयार बॅगा दुकानात मिळत असताना माझ्या मालकांनी मला मुद्दाम शिवून घेतले, कारण त्यांचा तयार वस्तूंवर विश्वास नव्हता. तंबू शिवणाऱ्या एका कारागिराने जाड कॅनव्हास बेतला, कडांना कातडे लावले, पितळी बक्कले ठोकली. आतले कप्पे मात्र मालकांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, स्वतःच्या हाताने शिवले. प्रत्येक लेन्सचे माप तिने टेपने घेतले आणि कप्प्यांच्या भिंतींत जुन्या रजईचा कापूस भरला. शेवटी माझ्या तळाशी, अस्तराच्या खाली, तिने एक चपटा कप्पा शिवला. त्याचे तोंड अस्तराच्या चुणीत असे लपले होते, की ठाऊक नसणाऱ्याला ते सापडू नये.

"हा कशाला?" मालकांनी विचारले होते.

"सगळ्यात जपायचं काही असेल तर इथे ठेव. कुणाच्या हाताला लागायचं नाही."

सुरुवातीची कित्येक वर्षे आम्ही तिघे एकत्र राबलो. स्टुडिओत ताई दिव्याशेजारी पांढरे कापड धरून उभी राही आणि त्यावरून परतलेला उजेड गिऱ्हाइकाच्या गालावर पडे. हजारो चेहरे तिने असे उजळले. स्वतःचा मात्र एकही फोटो काढू दिला नाही. लहानपणी भाजल्याची खूण तिच्या डाव्या गालावरून मानेपर्यंत उतरली होती. कोणी कॅमेरा वळवलाच, तर ती ते पांढरे कापड तोंडासमोर धरी आणि म्हणे, "माझं काम कापडामागे." घरात तिचा एकही फोटो नव्हता. पुढे ती लग्न होऊन दूर गेली, स्टुडिओत माणसे कमी झाली, माझ्या कातड्याला भेगा पडल्या. मालकांनी फिल्मचा कॅमेरा तेवढा सोडला नाही. लोक हसत. मालक वाद घालत, आणि वादात ते सहसा हरत नसत.

ताईला असाध्य दुखणे झाल्याचा निरोप आला तेव्हा मालक आणि मालकीणबाई विमानाने निघाले. माझ्यात दोन कॅमेरे, चार लेन्सा, बॅटऱ्या. आणि बाहेरच्या खिशात, पारदर्शक डबीत, चार रोल. तपासणीच्या यंत्राच्या किरणांनी फिल्म झाकोळते. हातातल्या सामानाचे यंत्र त्यातल्या त्यात सौम्य, पण विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाचे यंत्र एका फेरीत सगळे संपवते. म्हणून मालक डबी हातात धरून तपासनिसाशी बोलत. त्या दिवशी वीस मिनिटे बोलले.

"हे यंत्रातून जाणार नाही. हाताने तपासा."

"काय आहे हे?"

"फिल्म."

"अजून मिळते?"

"मिळते म्हणूनच माझ्या हातात आहे."

मागे मालकीणबाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. पण डबी हाताने तपासली गेली, आणि मालक विजयी मुद्रेने पुढे गेले. जाताना माझे वजन कोणी केले नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

ताई खिडकीशेजारच्या पलंगावर होती. इतकी लहान झाली होती, की पांघरुणाखाली माणूस आहे हे आधी कळलेच नाही. तिसऱ्या दिवशी मालकांनी माझे बक्कल उघडले आणि विचारले, "ताई, एक काढू?"

"काढ बाबा. आता लाजायला उरलंय काय."

मालकीणबाईंनी लगबगीने मोबाइल उचलला. ताई म्हणाली, "अगं, ते खेळणं ठेव बाजूला. त्याचं त्याला काढू दे."

"दिवा लावू?"

"दिवा नको, खुपतो. आणि गिऱ्हाइकांना सांगतोस तसं हसायला सांगू नकोस मला."

"तोंड जरा इकडे. कुठली बाजू घेऊ?"

ताईने मान वळवली आणि भाजलेला गाल खिडकीकडे केला. "हीच घे. दुसरी सगळ्यांनी पाहिलीय."

खोलीत उजेड फार थोडा होता. म्हणून मालकांनी सर्वांत संवेदनशील फिल्म लावली होती. अंधारात चेहरा टिपते ती हीच, आणि किरणांना सर्वांत आधी बळी पडते तीही हीच. दोन दिवसांत चारही रोल संपले. ताई बोलत राहिली, थट्टा करत राहिली, एकदा उशीचा अभ्रा दोन्ही हातांनी धरून "बघ, कापड अजून सरळ धरता येतं" म्हणाली, आणि मालकांनी तोही क्षण घेतला. पाचव्या दिवशी ती गेली.

परतीच्या आदल्या संध्याकाळी मालकांनी सामान भरले. रोल हातात घेऊन ते उगाच बसून राहिले. मग ते त्यांनी ताईच्या हातरुमालात बांधले, पारदर्शक डबी बाजूला ठेवली, माझे अस्तर चाचपून चुणी शोधली आणि ताईने शिवलेल्या त्या तळकप्प्यात रुमाल सरकवला. मित्रांनो, तीस वर्षांत त्या कप्प्यात एक सुटी किल्ली सोडली तर काही पडलेच नव्हते. त्या संध्याकाळी मला वाटले, की मी ज्यासाठी शिवले गेले ते आज घडते आहे. मला अभिमान वाटला. तो अभिमान आठवला की अजून लाज वाटते.

आणि मग खिडकी क्रमांक चौदा.

"ती बॅग पट्ट्यावर ठेवा," खिडकीतली तरुण मुलगी म्हणाली.

"ही हातात न्यायची आहे."

"तरी ठेवा. वजन बघायचंय."

काट्यावर नऊ किलो चारशे ग्रॅम आले.

"सात किलोच चालतात, सर. ही खाली जाईल."

"येताना कुणी वजन केलं नव्हतं."

"येताना मी नव्हते."

"यात कॅमेरे आहेत. कॅमेऱ्याला सूट आहे की नाही, ते नियम वाचून दाखवा."

"वाचून दाखवते, सर. तोवर विमान जाईल."

रांगेतून कोणी तरी म्हणाले, "काका, घरी जाऊन भांडा की." मालकीणबाईंनी मालकांची बाही ओढली. "अहो, पुरे. काचा तेवढ्या काढून घ्या, बॅगेला काय होतंय."

मालकांनी हार मानली. घाईने, पण शिस्तीने, त्यांनी मला उघडले. कॅमेरे गळ्यात गेले, तीन लेन्सा जाकिटाच्या खिशांत, मोठी मालकीणबाईंच्या शालीत. काच फुटते, हे त्यांच्या बोटांना तीस वर्षे पाठ होते.

"बॅटऱ्या असतील तर त्याही काढा. खाली चालत नाहीत," मुलगी म्हणाली.

"सहा होत्या. या सहा."

"सगळं काढलंत ना?" मालकीणबाईंनी विचारले.

"काढलं."

"एकदा हात फिरवून बघा."

त्यांनी हात फिरवला. बाहेरचा खिसा रिकामा होता. डबी नेहमी तिथे असे, ती तिथे नव्हती, आणि ती का नाही हा प्रश्न त्या घाईत त्यांना पडला नाही. बोटे माझ्या तळावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. अस्तराखाली, बोटभर अंतरावर, ताई होती. तिने कप्पा इतका नीट शिवला होता, की तो ठाऊक असणाऱ्याच्याही हाताला लागला नाही.

माझ्या मुठीला चिठ्ठी लागली. पट्टा हलला. रबरी झालरीखालून मी आत गेले, आणि तिथे ते यंत्र होते. त्यातून जाताना काही कळत नाही. ऊब नाही, धक्का नाही. एक दिवा लागतो आणि विझतो.

पुढचे मी मालकीणबाईंच्या तोंडून ऐकले. त्या दिवशीचा तपासनीस शांत स्वभावाचा होता. गळ्यातले कॅमेरे पाहून त्याने आपण होऊन विचारले, "फिल्म आहे का? द्या, हाताने बघतो." मालकांनी छातीवर हात ठेवला, मग खिशांवर, मग ते तसेच मागे धावत सुटले. खिडकीतल्या मुलीने लगेच फोन उचलला, खाली विचारले आणि फोन हळूच ठेवला.

"यंत्रातून गेली, सर. मला सांगायचं होतंत. चार रोलांचं वजन ते काय? हातात ठेवू दिले असते मी."

दोष कुणाचा, यावर मी फार विचार केला आहे. मुलीचा म्हणावा तर तिने नियमाप्रमाणे काटा पाहिला, आणि काट्याला जड-हलके एवढेच समजते. मालकांचा म्हणावा तर त्यांनी जे सर्वांत मोलाचे ते सर्वांत खोल ठेवले. प्रेम याहून वेगळे काय करते? ताईचा म्हणायला माझी जीभ धजत नाही. राहता राहिले मी. मला ठाऊक होते आणि मी गप्प होते. बॅगेला तोंड असते ते फक्त उघडायला, हे उत्तर खरे आहे. पण त्याने माझे समाधान होत नाही.

आता मी माळ्यावर असते. मालक मला उघडत नाहीत. मित्रांनो, माझे एवढे ऐका. जपून ठेवणे म्हणजे नजरेआड ठेवणे नव्हे. जे गमावून चालणार नाही ते हातात धरा, कोणी विचारण्याआधी त्याचे नाव मोठ्याने सांगा, आणि जिवाभावाच्या माणसाचा चेहरा शेवटच्या चार रोलांवर टाकू नका. हे मी तुम्हाला सांगू शकते. मालकांना सांगण्याची वेळ निघून गेली.

माळ्यावर जाण्याआधीचा माझा शेवटचा प्रवास फिल्म धुण्याच्या लॅबपर्यंतचा. मालकांनी रोल माझ्यातूनच नेले, त्याच रुमालात. लॅबवाले त्यांच्या उमेदीच्या काळापासूनचे स्नेही. त्यांनी ताईला कापड धरून उभी असताना कितीदा पाहिले होते. त्यांनी चारही रोल स्वतः धुतले, पट्ट्या वाळत घातल्या आणि एकेक खाली घेऊन उजेडाच्या काचेवर भिंग लावून पाहिली. मी टेबलावर उघडी होते. पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळवंडल्या होत्या.

"ही खिडकीची कड असावी," ते म्हणाले. "हा उशीचा कोपरा. इथे काही तरी पांढरं धरलंय कुणी."

"अभ्रा आहे तो," मालक म्हणाले. "त्याच्या वर बघा."

लॅबवाले पाहत राहिले. भिंग पुसले, पुन्हा पाहिले. दुसरी पट्टी, तिसरी, चौथी.

"छापताना वाढवता येईल," मालक म्हणाले. "थोडं जरी असलं तरी."

"असतं तर वाढवलं असतं." त्यांनी भिंग खाली ठेवले आणि दिवा बंद केला. "चेहरा एकातही नाही."