काहिलीतली साखर

झाम्फिराला चार दिवस मिळणार होते. हिशेब सोपा होता. आउरिकाची इटलीची बस रविवारी संध्याकाळी सहाला. ती चुकली की पुढची थेट गुरुवारी. आणि काहील चुलीवर असताना दुखऱ्या खांद्याच्या आईला एकटीला टाकून जाईल, अशी तिची लेक नव्हती.

म्हणून रविवारी उजाडताच तिने आलुबुखार काहिलीत ओतले. पिकलेले असते तर पाच-सहापर्यंत आटून माजियुन, आलुबुखाराचा घट्ट बिनसाखरी मुरांबा, तयार झालं असतं. पण हे कच्चे, पाणचट. रात्र नक्की पडणार.

"आई, देठापाशी सुरकुतलेसुद्धा नाहीत गं. एवढी कसली घाई?"

"मग पिकल्यावर ढवळायला कोण येणार? तुझी इटलीतली म्हातारी?"

आउरिका हसली. त्या म्हातारीला न्हाऊमाखू घालायचं, भरवायचं, हीच तिची नोकरी. मंगळवारी पोचली नाही तर तिच्या जागी दुसरी बाई येणार होती. आईला हे तिने दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. लांब दांड्याचा पळा उचलला आणि ढवळायला लागली.

तीन वाजले तरी रस पातळच. झाम्फिरा खुशीत लाकडं आणायला मागे गेली, मुद्दाम रमतगमत. परतली तर काहिलीत चकाकी आलेली. पाचला आउरिकाने चमचा उलटा धरला. माजियुन खाली पडलं नाही.

"झालं बघ आई!" तिने आईचे मुके घेतले, बरण्या भरून दिल्या, पिशवी उचलली.

बस गेल्यावर झाम्फिराने चमचा चाटला. साखर! म्हणूनच एवढ्या लवकर घट्ट झालं. या गल्लीत माजियुनात कुणी कधी चिमूटभरही घातली नव्हती. चेरीच्या मुरांब्यासाठी ठेवलेल्या साखरेचं पोतं फडताळात रिकामं होतं, नीट घडी घातलेलं. पोरगी पहिल्यापासून टापटिपीची.

नोव्हेंबरात तिने रिवाजाप्रमाणे मेलेल्या नवऱ्याच्या नावाने बरण्या वाटल्या. शेजारच्या स्मारांडाने दारातच बोट घालून चाखलं.

"अगं झाम्फिरे, साखर? आमच्या काहिलींना नावं ठेवत फिरतेस ती तूच ना? मेल्या नवऱ्यालाही फसवलंस?"

लेकीचं नाव जिभेवर आलं होतं.

"खांदा दुखत होता," झाम्फिरा म्हणाली. "कंटाळा केला मी."

आउरिकाची नोकरी टिकली. म्हातारीला तिची बाई मिळाली. शेजाऱ्यांनी नावं ठेवत बरण्या पुसून खाल्ल्या. पुढच्या सप्टेंबरात गल्लीभर चुली पेटल्या. दरवर्षी चमचा उलटा धरून 'झालं' म्हणायला झाम्फिराला बोलावत, यंदा कुणीही बोलावलं नाही. आणि तिचे चार दिवस, ते तर तिला मिळालेच नव्हते.