कारखान्यामागच्या तळ्यातून

मी जलपर्णी आहे, पाण्यावर तरंगणारी. ऐकूनच नाक मुरडलंत ना? माकणीच्या धरणाकाठी मासे धरणारेही मला शिव्या द्यायचे. माझ्यात त्यांची जाळी अडकायची.

एक दिवस पिराजीमामांनी मला पोत्यात भरलं आणि एका साखर कारखान्यामागच्या तळ्यात आणून सोडलं. मामा तिथं कामाला होते. तळ्यात कारखान्याचं सांडपाणी साचायचं, काळपट आणि आंबूस. मी त्यात माझी लांब, केसाळ मुळं सोडली आणि घाण शोषू लागले. माझ्यासाठी ते जेवणच होतं.

पण एक पथ्य होतं. दर पंधरा दिवसांनी आमच्यातल्या जून झालेल्या रोपांना बाहेर काढायचं. नाहीतर ती पाण्यातच कुजतात आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात ओततात. मामा कमरेइतक्या पाण्यात उतरून हे काम करत. कोवळी रोपं तेवढी ठेवत.

तळ्यातलं पाणी ओढ्याला जाई आणि ओढ्याकाठी पुतळाबाईंची विहीर होती. दुसऱ्या वर्षी त्या तांब्या घेऊनच आल्या.

"पिराजीभाऊ, प्या. आता वास न्हाय येत."

मामांनी घोट घेतला. "लई गोड हाय."

"गोड? तुमच्या कारखान्याची साखर पडली व्हय त्यात?"

दोघंही हसले. इतकी वर्षं लोक मला तण म्हणत होते. त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला.

यंदा कृष्णराज नावाचे नवे साहेब आले. तेव्हा मी जांभळ्या फुलांनी भरले होते. साहेबांनी फोटो काढले.

"मोठे पाहुणे पाहणीला येणार आहेत. तोवर एक रोप हलवायचं नाही. हिरवंगार दिसू द्या."

"साहेब, पंधरा दिवसांनी काढावंच लागतंय..."

"मामा, तुम्ही शिकवणार का मला?"

मामांनी मान खाली घातली. पाहुण्यांची तारीख दोनदा पुढं गेली. दोन महिने झाले. वरून मी हिरवी होते, खाली माझी मुळं सडत होती. मी जे जे प्याले होते, ते माझ्यातून सुटून ओढ्याकडं चाललं होतं. मला ते अडवता येईना.

काल पुतळाबाई आल्या. हातात तांब्या नव्हता.

"म्हशीनं तोंड फिरवलं पाण्यावरनं. भाऊ, तुमाला ठावं होतं ना?"

"व्हय."

"मग?"

पुतळाबाईंनी विहिरीवर बोराटीच्या काटेरी फांद्या टाकून ती बंद केली आहे.

आज मामा कुणालाही न विचारता पाण्यात उतरले आहेत. ते मला धरून ओढतात. पानं हातात येतात, मुळं तुटून खाली जातात. मामा वाकून पुन्हा तळ चाचपतात.

तुमच्या गावात मला कुणी कामाला लावलं, तर माझी फुलं बघून थांबू नका. मी जिवंत असतानाच मला बाहेर काढा. मेल्यावर मी कुणाच्याच हाती लागत नाही.