दोराच्या दोन्ही बाजूंना वर्नेल

सोल संगीत, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण गाणं, हा जयप्रकाशचा जीव की प्राण. मूळचा नाशिकचा हा तेलकंपनीतला इंजिनिअर दर शुक्रवारी कुवेतमधल्या सालमिया भागातल्या आपल्या फ्लॅटवर मित्रांना जमवून जुन्या रेकॉर्डी ऐकवायचा. अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका वर्नेल हिक्स त्याची सगळ्यात लाडकी. तिची सुरुवातीची गाणी मात्र तो कधी लावत नसे. "नुसता साखरेचा पाक! रेकॉर्ड कंपनीनं दबकत गायला लावलं तिला. खरी वर्नेल पुढे सापडते," असं ठासून सांगायचा.

एका शुक्रवारी त्याच्या ऑफिसातली कुवेती सहकारी नूरी आली. येताना तिनं नेमकी वर्नेलची पहिली रेकॉर्ड आणली होती. नूरीचे वडील साठच्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत शिकायला होते, त्यांची.

"बाबांनी हे गाणं तिच्यासमोर उभं राहून ऐकलंय," नूरी म्हणाली. "हॉलमध्ये स्टेजपासून दारापर्यंत दोर बांधलेला. एकीकडे गोरे, दुसरीकडे काळे, तेव्हा तिथे तसा नियमच होता. बाबा पडले अरब! त्यांना कुठे उभं करावं, तिथल्या पोलिसाला कळेना. शेवटी ते दोरालाच धरून उभे राहिले."

"मग?" जयप्रकाशच्या बायकोनं, शीलानं विचारलं.

"लोक नाचत होते, नुसता गोंगाट. वर्नेल दोराच्या टोकाशी आली आणि इतकं हळू गायला लागली, की ऐकायचं तर गप्प बसणं भाग. नाच थांबला. दोन्हीकडचे लोक तिच्याकडे सरकत सरकत दोरापाशी एकमेकांना खेटले. बाबांच्या एका खांद्याला गोरा माणूस, दुसऱ्याला काळा. पोलीसही ऐकत राहिला."

जयप्रकाशनं रेकॉर्ड लावली. तीच व्हायोलिनं, तेच गोड शब्द. पण आज त्याला त्या आवाजातला दबकेपणा सापडेना. जिथे तिनं मोठ्यानं गायला हवं होतं असं त्याला वाटायचं, तिथेच ती आवाज आणखी खाली नेत होती, आणि तोही नकळत स्पीकरकडे झुकला होता. आजूबाजूला पाहिलं तर सगळेच झुकलेले.

गाणं संपलं.

"ही तेव्हा किती वर्षांची होती रे?" शीलानं हलकेच विचारलं.

"एकोणीस," तो म्हणाला.

मग त्यानं तीच रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावली.