भाडेकरूचं कुलूप

"भाऊ, टाकी पुन्हा खाली झाली!"

पहिल्या खोलीतली भाडेकरू रिना दारात उभी होती. हातातली रिकामी बादली तिने पायरीवर इतक्या जोरात ठेवली की लहानूभाऊंच्या बशीतला चहा सांडला. अर्ध्या तासापूर्वीच त्यांनी मोटर चालवून हजार लिटरची टाकी काठोकाठ भरली होती. ते उठून घराच्या मागे गेले तर नालीतून पाणी कालच्यासारखंच धो धो वाहत होतं.

पाणी मधल्या खोलीच्या मोरीतून येत होतं, आणि मधल्या खोलीला कुलूप होतं.

त्या खोलीत दिव्यानी राहायची, आरोग्य सेविका. तीन दिवसांपूर्वी तिला भामरागडकडे पुराच्या ड्युटीवर पाठवलं. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती, टाकी कोरडी होती. बाईने मोरीतला नळ फिरवला असणार, पाणी आलं नसणार, तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला असणार. नळ तसाच राहिला, दाराला कुलूप लागलं आणि बाई जीपमध्ये बसून गेली. वीज आल्यापासून टाकीत चढलेलं सगळं पाणी त्या नळातून नालीला मिळत होतं.

यात लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे लहानूभाऊंनी एकतीस वर्षं चामोर्शीच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन म्हणून काम केलं होतं. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की पाणी शेवटच्या घरापर्यंत जातं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. गाव त्यांना नळवाले लहानूभाऊच म्हणायचं. आणि याच माणसाने स्वतःच्या तीन खोल्यांना वेगवेगळा व्हॉल्व्ह बसवला नव्हता. खोल्या एकेक करून बांधल्या. दरवेळी पैसे संपत आले की "व्हॉल्व्ह नंतर बसवू" असं ठरायचं. मग पाइप भिंतीत गेले, वर प्लास्टर झालं, रंग झाला, आणि ते "नंतर" काही उगवलं नाही.

"सिस्टरले फोन लावला का?" रिनाने विचारलं.

"कालपासून लावून राह्यलो. लागतच नाई."

"मंग किल्ली पाहा ना दुसरी."

"दुसरी किल्ली माह्याजवळ नसते, बाई. कुलूप ज्याचं त्याचं."

"असे कसे घरमालक तुमी!" रिना म्हणाली आणि बादली उचलून हातपंपाकडे निघाली. तिच्या कडेवर सहा महिन्यांचं पोर होतं. लहानूभाऊंनी बादली घ्यायला हात पुढे केला, पण तिने दिली नाही.

घरमालक! या शब्दाची त्यांना चीड यायची. लोकांना वाटतं, घरमालक म्हणजे झोपाळ्यावर बसून भाडं खाणारा माणूस. इथे एकाने भिंतीला सतरा खिळे ठोकले होते, तिसऱ्या खोलीतली आधीची मंडळी जाताना बल्बसकट होल्डर काढून घेऊन गेली होती, आणि संडास तुंबला की तिन्ही खोल्या एकमेकींकडे बोट दाखवायच्या नि काठी मात्र घरमालकाच्या हाती यायची. म्हातारपणी निवांत बसता येईल म्हणून खोल्या बांधल्या होत्या. निवांत तर सोडाच, दोन घास धड पोटात जात नव्हते.

दुपारी त्यांनी आरोग्य खात्यातल्या एका ओळखीच्या शिपायाला गाठलं.

"रस्ता बंद हाये, भाऊ," शिपाई म्हणाला. "पुलावरून पानी जाऊन राह्यलं. टॉवरबी बंद. चार दिवस लागन, आठबी लागन."

ते ऐकून घरी आले तेव्हा तिसऱ्या खोलीतले बाबूभाई ओसरीवर बसले होते. बाबूभाई बाजारात बांगड्या विकायचे; घरात ते आणि त्यांची बायको खातून. बोलणं मऊ, पण ज्या दिवशी ते स्वतःहून ओसरीवर येऊन बसत, त्या दिवशी काहीतरी बिनसलेलं असायचं.

"लहानूभाऊ, बुरा नका मानू," ते म्हणाले. "खातूनची कंबर तुमाले मालूम हाये. हातपंपाहून दोन हंडे आनले आन् बिस्तरच पकडला तिनं. मशिदीजवळ एक खोली खाली हाये. आमी जातो म्हनत नाई. पन तुमी काहीतरी करा."

"करतो, बाबूभाई."

"कुलूप तोडा ना. सिस्टर समजदार हाये. नवीन घेऊन देऊ आपन."

लहानूभाऊ उठून आत गेले. बाबूभाईंना वाटलं, हातोडी आणायला गेले असतील. पण ते आत जाऊन नुसतेच खाटेवर बसून राहिले.

कुलूप तोडणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. पस्तीस वर्षांपूर्वी, नवीन लग्न झालेलं असताना, ते चंद्रपुरात रोजंदारीवर होते. खोली मिळायला दोन महिने लागले होते, कारण सगळीकडे आधी आडनाव विचारायचे. शेवटी एकाने न विचारता दिली. त्यांच्या बायकोने, मंगलीने, पहिल्याच आठवड्यात भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा असे दोन फोटो लावले. घरमालकाने एकदा खिडकीतून ते पाहिले आणि तसाच पुढे गेला. पुढच्या महिन्यात मंगलीच्या बहिणीचं लग्न होतं. चार दिवसांनी दोघं परत आले तर सामान अंगणात होतं. भांडी, शेगडी, गादी, मंगलीची लुगडी, आणि दोन्ही फोटो परातीत पालथे. सगळ्यात वर तोडलेलं कुलूप ठेवलेलं होतं.

मंगली त्या माणसाशी भांडली नाही. तिने फक्त विचारलं होतं, "माह्या पेटीले कोनं हात लावला?" त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. ती जाईपर्यंत, म्हणजे तीन वर्षांपूर्वीपर्यंत, मधूनमधून भाजी चिरता चिरता ती हाच प्रश्न पुन्हा विचारायची.

म्हणून या घरात दोन नियम होते. खोली पाहायला आलेल्याला आडनाव विचारायचं नाही, आणि भाडेकरूच्या कुलपाला हात लावायचा नाही. दुसरी किल्लीसुद्धा ठेवायची नाही. पण हे रिनाला किंवा बाबूभाईंना कसं सांगणार? पाण्याविना बसलेल्या माणसाला पस्तीस वर्षांपूर्वीचं रडगाणं सांगायचं म्हणजे त्यांनाच ओशाळं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिनाचा नवरा मिथुन लोखंडी सळई घेऊनच बाहेर आला. तो धानाच्या गिरणीत कामाला होता, अंगाने दणकट. पाण्यापायी दोन दिवस त्याला कामावर जायला उशीर झाला होता आणि मुकादमाच्या शिव्या ऐकाव्या लागल्या होत्या.

"भाऊ, बाजूले व्हा. एक झटका लागन."

लहानूभाऊ मधल्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

"मिथुन, कुलूप नाई तोडायचं."

"काऊन? काय हिरे-मोती ठुले का सिस्टरनं आत?"

"काहीबी असो."

"तुमाले आमचे हाल दिसून नाई राह्यले? लेकराचे लंगोट धुवाले पानी नाई. पानी नसन तर भाडं कायचं घेता? आजच्या आज काही झालं नाई तर आमी खोली सोडतो, आत्ताच सांगून ठेवतो!"

"सोडा!" लहानूभाऊ एकदम ओरडले. आपल्याच आवाजाने ते दचकले. भर पावसाळ्यात खोली सुटली तर दिवाळीपर्यंत भरणार नाही, हे त्यांना नीट माहीत होतं. पण राग आवरत नव्हता. मिथुनचा राग होता, दिव्यानीचा होता, आणि सगळ्यात जास्त राग स्वतःचा होता, एका व्हॉल्व्हची काटकसर करणाऱ्या नळवाल्याचा.

ते तसेच स्वतःच्या स्वयंपाकघरात गेले. फळीवरची भांडी खाली उतरवली, गॅस बाजूला सरकवला आणि भिंतीवर वितीने मोजू लागले. या भिंतीच्या पलीकडे दिव्यानीची मोरी होती. नळ त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला होता, जमिनीपासून चार विती आणि कोपऱ्यापासून दोन. त्यांनी छिन्नी टेकवली आणि हातोडी मारली.

आवाज ऐकून मिथुन धावत आला. त्याच्यामागे रिना आणि बाबूभाई.

"भाऊ, पागल झाले का? एका कुलपासाठी भिंत फोडता?" मिथुन म्हणाला.

"भिंत माही हाये," लहानूभाऊ म्हणाले. "कुलूप तिचं हाये."

त्यांनी पुन्हा हातोडी मारली. थोड्या वेळाने मिथुनने सळई खाली ठेवली आणि त्यांच्या हातातली हातोडी घेतली. चार विटा निघाल्या. भोक हात जाण्यापुरतं झालं तसं लहानूभाऊंनी त्याला बाजूला केलं. त्यांनी तोंड मुद्दाम दाराकडे फिरवलं आणि आत न बघता खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना नळ लगेच सापडला. अडीच आटे फिरवून त्यांनी तो बंद केला.

मागच्या नालीचा आवाज थांबला.

लटारू मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी येतो म्हणाला. तोवर लहानूभाऊंनी भोकावर चादर ठोकली आणि समोर खाट टाकली. भाताचं ताटही तिथेच घेतलं. रिनाने न सांगता वांग्याची भाजी आणून दिली, आणि खोली सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

दिव्यानी गेल्यापासून आठव्या दिवशी परत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल, खांद्यावर ओली बॅग. तिने कुलूप उघडलं आणि पाच मिनिटांत बाहेर आली.

"भाऊ, मोरीत हे सिमेंट कायचं हाये? बिछान्यावर बोटभर धूळ बसली."

"नळ चालू राह्यला होता, बाई. फोन लागला नाई. भिंत फोडून बंद केला, मंग बुजवली."

दिव्यानीचा चेहरा उतरला. "म्हंजे माही खोली उघडी होती? किती दिवस?"

"एक दिवस. चादर लावली होती. मी तिथीच बसून होतो."

"तरीबी," ती म्हणाली. आठ दिवस नीट झोप नसलेल्या माणसाचा आवाज होता तो. "मले न विचारता भिंत कशी फोडली? भिंत तुमची असन, भाऊ. पन खोली तर माही हाये ना?"

"अवो सिस्टर, काय बोलून राह्यल्या तुमी!" रिना उसळली. "तुमच्या एका नळापायी..."

लहानूभाऊंनी हाताने तिला थांबवलं. त्यांच्याही तोंडावर चार शब्द आले होते, चांगले कडक. चार दिवस वाहून गेलेलं पाणी, तापून वास मारू लागलेली मोटर, मिस्त्रीची मजुरी, खांद्याला आलेली सूज. सगळं एका दमात सांगावंसं वाटत होतं. पण दारात उभी असलेली ती मळकी, थकलेली पोर हक्काने जाब विचारत होती, आणि मंगलीला त्या अंगणात असा जाब विचारल्यावर साधं उत्तरही मिळालं नव्हतं.

"हाये ना, बाई," ते म्हणाले. "खोली तुमचीच हाये. चुकलं माहं."

दिव्यानीचं कुलूप पायरीवरच पडलं होतं, किल्ली तशीच त्यात. वरून पागोळी ठिबकत होती. लहानूभाऊंनी वाकून ते उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

"आत ठेवा," ते म्हणाले. "पावसात जाम होते."