घोड्याखालचा चेहरा

"अगं, हा घोडा आहे की उंट?" ड्वाइटने सँडविचचा घास तोंडात ठेवूनच विचारलं.

कोरिनने हातातलं तांब्याचं नाणं कडांना धरून त्याच्यापासून लांब नेलं. "सांडशील काहीतरी त्याच्यावर. आणि घोडाच आहे. खाली नांगर दिसत नाही का तुला?"

"उंटाला नांगराला जुंपलंय बिचाऱ्याला."

अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये नाण्यांचं वार्षिक प्रदर्शन भरलं होतं. टेबलांच्या रांगांमधून माणसं वाकून फिरत होती, प्रत्येकाच्या हातात भिंग. कोरिन पहिल्यांदाच आली होती, भावाला, ड्वाइटला, सोबत घेऊन. आख्खा हिवाळा तिने पुस्तकं वाचून ठरवलं होतं, की आपलं पहिलं नाणं न्यू जर्सीचंच असेल आणि जमलं तर आपल्या एलिझाबेथ गावात पाडलेलं. इंग्रजांशी लढाई संपून थोडीच वर्षं झाली होती, देशाची टाकसाळ अजून निघायची होती, तेव्हा गावातल्या लोकांनी ही नाणी पाडली होती. तासाभरापूर्वी म्हाताऱ्या व्हूरहीस यांच्या 'झिजलेली' लिहिलेल्या खोक्यात तिला हे सापडलं, आणि तिने ते लगेच विकत घेतलं.

दातांच्या दवाखान्यात काम करून तिच्या नजरेला बारीक खाचा शोधायची सवय लागली होती. तीच आता नडली. खिडकीपाशी भिंगातून पाहताना घोड्याच्या मानेमागे, जिथे काही नसायला हवं तिथे, तिला अक्षरांचे तुकडे दिसले. नांगराजवळ एक विचित्र फुगवटा होता.

"खोटं आहे, ड्वाइट. कुणीतरी दोन नाण्यांचे साचे एकत्र करून ओतलंय."

"मग परत कर. हॉल बंद होईपर्यंत परत घेतो म्हणाले ना ते?"

"करते. आणि हा नादही सोडते. पहिल्याच नाण्यात फसणाऱ्या माणसाने या भानगडीत पडू नये."

तिचा चेहरा बघून ड्वाइटने सँडविच खाली केलं. तो तिच्या मागोमाग आला.

व्हूरहीस यांच्या टेबलावर काळ्या मखमलीचा तुकडा अंथरलेला होता. नाणं इथे या हातातून त्या हातात कुणी देत नसे. एकाने मखमलीवर ठेवायचं, दुसऱ्याने तिथून उचलायचं. नाणं मखमलीवर आहे तोवर ते ठेवणाऱ्याचं; सौद्यात उचललं की उचलणाऱ्याचं. कोरिनने नाणं ठेवलं.

"मिस्टर व्हूरहीस, हे परत घ्या. खोटं आहे."

म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला. हात मात्र पुढे केला नाही. "माझ्या टेबलावरचं? बाई, आधी दाखवा तरी कुठे."

"हे काय, इथे." तिने नाणं पुन्हा उचललं, दिव्याखाली धरलं. अक्षरं उलटी होती म्हणून व्हूरहीस यांना नीट वाचता यावीत यासाठी तिने ते अर्धं फिरवलं. घोडा डोक्यावर उभा राहिला.

आणि फुगवट्याचं नाक झालं.

नाक, त्याखाली ओठ, हनुवटी. माथ्यावर पानांचा मुकुट. अक्षरं आता सरळ वाचता येत होती. कनेटिकट.

"माणूस आहे!" ती ओरडली. शेजारच्या टेबलावरची डोकी वळली. "घोड्याखाली माणूस आहे! कनेटिकटचं नाणं आहे हे. त्याच्यावरच आपला ठसा मारलाय! ओतलेलं नाही, पाडलेलं आहे, दोनदा पाडलेलं!"

"काय म्हणता?" व्हूरहीस खुर्चीतून अर्धवट उठले.

त्यांना दाखवायच्या भरात कोरिनने नाणं मखमलीवर ठेवलं, आणि त्यांनी ते झटकन उचललं. तेव्हा कुठे तिला आठवलं, की दोन मिनिटांपूर्वी 'परत घ्या' असं आपणच म्हणालो होतो. आता ते त्यांच्या चिमटीत होतं.

व्हूरहीस भिंगातून बघत राहिले. नाणं फिरवलं, पुन्हा फिरवलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"अशा मानेच्या घोड्याला आम्ही उंट म्हणतो," ते भिंगातून बघतच म्हणाले. "तांब्याच्या चकत्या करण्यापेक्षा दुसऱ्यांची नाणी घेऊन त्यांवर ठसा मारणं सोपं होतं. असे उंट मी कायम उलटे धरून बघतो. हा एकच राहिला. आणि हाच इतका ठसठशीत!"

"मी परत घ्या म्हणाले होते," कोरिन हळूच म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"तुम्ही खोटं नाणं परत करत होतात. हे खोटं नाही." त्यांनी ते मखमलीवर ठेवलं आणि बोटाने तिच्या बाजूला सरकवलं. "उचला लवकर. मी म्हातारा आहे, साधू नाही."

कोरिनने ते उचललं तेव्हा तिला हसू आवरेना. डोळेही भरून आले होते. "यातला खालचा ठसा कुठला, ते कसं ओळखायचं? मुकुटाच्या पानांवरून? यावर पुस्तक आहे?"

"झालं," म्हातारा ड्वाइटकडे वळून म्हणाला. "हा नाद आता सुटत नाही."

ड्वाइट सँडविच कागदात गुंडाळून खिशात कोंबून, हात पँटला पुसून 'झिजलेली'च्या खोक्यावर वाकला होता आणि एकेक नाणं उलटं धरून बघत होता.