त्याच्या हातचं पेट्रोल

मी एका लहान विमानाच्या पंखातली पेट्रोलची टाकी बोलतेय. विमान दोन आसनांचं. लोक येतात, पंखाखाली उभे राहून फोटो काढतात, आत वाकून घड्याळं बघतात. टाकीची चौकशी कुणी करत नाही. माझं तोंड पंखाच्या वरच्या अंगाला आहे, तळहाताएवढं. झाकण उघडलं तरच मला जग दिसतं, आणि तेही गोल. बाकी सगळं मी ऐकून जाणते. पत्र्याचे कान तिखट असतात.

माझा जन्म ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून झाला. ज्यानं मला जोडलं, त्यानं सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, आत हवा भरली आणि कुठे बुडबुडा येतो का ते पाहिलं. एकही आला नाही. तो समाधानानं म्हणाला, हिच्यात काहीही ठेवा, थेंब सांडणार नाही. सांडण्याबद्दल त्याचं खरंच होतं. ठेवण्याबद्दल त्याला फारसं ठाऊक नव्हतं.

पहिली काही वर्षं मी एका उड्डाण शिकवणाऱ्या संस्थेत होते. तिथे मी सगळ्यांची होते आणि म्हणून कुणाचीच नव्हते. मग एका नवराबायकोनं आमचं विमान विकत घेतलं, आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

ती दातांची डॉक्टर. त्याचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान. उडवायची ती, कारण डोळ्यांच्या दोषामुळे त्याला परवाना मिळाला नव्हता. त्याचं त्याला वाईट वाटलं असेल, पण बोलण्यात कधी आलं नाही. तो तिला कॅप्टन म्हणायचा. "मी भरतो, तू जाळ," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यावर ती म्हणायची, घरातही असंच चालतं, फक्त तिथे पोळ्या असतात.

पेट्रोल भरणं हे त्याचं काम होतं आणि त्यात तो कुणाला हात लावू देत नसे. स्टुलावर चढायचा, झाकण फिरवायचा, आधी स्वतः आत डोकवायचा. गोल उजेडात त्याचा जाड चष्मा यायचा. खालून ती विचारायची, काही कीड आहे का? तो म्हणायचा, दाढा शाबूत आहेत.

आमच्या धावपट्टीवर विमानाचं खास पेट्रोल मिळायचं ते पुढे बंद झालं. इंजिनाच्या पुस्तकात रस्त्यावरच्या पंपाचं पेट्रोल चालेल असं होतं, पण त्यात इथेनॉल किती असावं याची मर्यादा घातलेली होती. इथेनॉल म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेलं अल्कोहोल. त्यानं ते पुस्तक पाठ केलं, इथेनॉलनं फुगणाऱ्या रबरी नळ्या बदलून घेतल्या, आणि मग कॅनमधून पेट्रोल आणायला लागला. प्रत्येक कॅनची परीक्षा व्हायची. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यावर पेट्रोल, मग नळी चांगली हलवायची. पाण्याची रेघ वर सरकली की समजायचं, अल्कोहोल पाण्याला जाऊन मिळालं. जितकी सरकली तितकं ते जास्त. रेघ फार चढली तर कॅन परत गाडीत.

त्या अल्कोहोलला पाण्याची भारी ओढ. हवेतला दमटपणासुद्धा ते ओढून घेतं. काही काळ ते पाणी पेट्रोलात मुरून राहतं, वरून काही कळत नाही. मग पाणी जास्त झालं किंवा थंडी पडली की पाणी आणि अल्कोहोल मिळून पेट्रोलचा हात सोडतात आणि तळाला जाऊन बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी तळाशीच असते.

म्हणून त्याचा नियम होता: लागेल तेवढं आणि वर थोडं राखीव, इतकंच भरायचं, उतरल्यावर उरलेलं त्याच दिवशी काढून गाडीत ओतायचं. हे दुधासारखं आहे, म्हणायचा, ठेवलं की गेलं. शेजारच्या शेडमधले वैमानिक त्याची थट्टा करत. त्यांच्या जुन्या पेट्रोलचा रिवाज उलटा होता, टाकी काठोकाठ भरून ठेवायची म्हणजे दमट हवेला जागाच उरत नाही. स्वतःच्याच घरात चोरी करणारा पहिला माणूस पाहिला, असं ते म्हणत. तो हसायचा आणि नळी लावून मला रिकामी करायचा.

एका संध्याकाळी मात्र त्यानं मला गळ्यापर्यंत भरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं लांब जाणार होते, जिथे नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत. ते त्याला वरून बघायचं होतं. झाकण लावून त्यानं त्यावर दोनदा थाप मारली, आणि दोघं उद्याच्या डब्यात काय न्यायचं यावर वाद घालत गेले.

पहाटे कुणी आलं नाही. नंतर त्याचा धाकटा भाऊ आला. पंखाला कपाळ टेकून तो रडला, तेव्हा मला कळलं.

मग मी नुसती भरलेली होते. झाकणाला श्वासापुरतं बारीक भोक असतं. दिवसा पेट्रोल तापून फुगायचं, रात्री आकसायचं, आणि दर खेपेला दमट हवा आत यायची. पावसाळा संपला, थंडी आली. एका पहाटे काहीतरी सुटं झालं आणि माझ्या तळाशी जाऊन बसलं. माझा पत्रा खाली चुरचुरायला लागला. ते मला बाधत होतं, आणि तरी ते जावं असं मला वाटत नव्हतं. त्याच्या हातचं माझ्याजवळ दुसरं काय होतं?

भावानं, म्हणजे तिच्या दिरानं, पेट्रोल काढू का असं विचारून पाहिलं. तिनं नको म्हटलं. त्यानं पुन्हा विषय काढला तेव्हा तिनं सांगितलं, की ह्यांनी भरलेल्या पेट्रोलवरच ती समुद्रापर्यंत जाऊन येणार आहे, त्यानंतर काय ते करा. नियम तिला पाठ होता. पण माणसांना कळतं ते वळतंच असं नाही. दिरालाही कळत होतं. पण वहिनीनं त्या दिवसांत एवढी एकच गोष्ट मागितली होती.

आणि ती खरंच आली. सकाळी, एकटी जायच्या तयारीनं. दीर सोबत होता. तिनं पंख तपासले, चाकं तपासली, मग माझ्या पोटाखालचा नळ दाबून काचेच्या नळीत नमुना घेतला. तळाशी पाणी असलं तर नळीत रेघ दिसते, खाली पाणी, वर पेट्रोल. तिनं नळी उजेडात धरली. रेघ नव्हती.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. दिरानं सुटकेचा श्वास सोडला.

रेघ दिसणार कशी? माझ्या तळाशी इतकं साचलं होतं की नळीत पेट्रोल आलंच नव्हतं. नळीभर नुसतं पाणी आणि अल्कोहोल, काचेसारखं नितळ. मला ओरडायचं होतं. पत्रा फक्त तापल्यावर किंवा निवल्यावर बोलतो, आणि ऊन अजून वर आलं नव्हतं. मी डोळ्यांपुढे आणत होते, चाकं जमीन सोडतील, नाक वर जाईल, आणि तेव्हाच इंजिनाच्या घशात पाणी.

नमुना सगळे जमिनीवर फेकतात. तोही फेकायचा. पण तिच्यानं ते फेकवेना. त्याच्या पेट्रोलचा एक घोटही तिला वाया घालवायचा नव्हता. ती स्टुलावर चढली, झाकण उघडलं आणि नळी माझ्यात परत रिकामी केली.

ते पेट्रोलात मिसळलं नाही. पाकाच्या तारेसारखं लोंबत, थेंब थेंब होत खाली गेलं. ती थांबली. खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढून तिनं शेडच्या दारातला उजेड आत सोडला आणि बराच वेळ माझ्या तळाकडे पाहत राहिली. तिथे रेघ होती, आडवी, स्पष्ट.

"भाऊजी, हे उतरवा सगळं."

"वहिनी, दादानं..."

"उडायला भरलं होतं त्यांनी. मी ठेवून घेतलं."

दिरानं नळ उघडला आणि कॅन लावले. ती स्टुलावरच बसून राहिली, एक हात माझ्या तोंडावर ठेवून. ते पेट्रोल वाहून जाताना मी त्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. शेवटचे थेंब थांबून थांबून पडले. मग आत फक्त वास राहिला, आणि झाकण उघडं ठेवल्यामुळे दोन दिवसांत तोही गेला.

कारागिरानं मला उतरवून आतून धुतलं. तळाला बारीक खड्डे पडलेत, पण गळत नाही म्हणाला. पुढे एका सकाळी तिनं स्वतः कॅन आणला, स्वतः नळी हलवून रेघ पाहिली, आणि भरताना निम्मं पंखावर सांडलं. मग ती समुद्रापर्यंत गेली. शेजारचं आसन रिकामं असल्यानं विमान एका अंगाला कलत होतं आणि ती ते पूर्ण वाट सावरत होती. नदी जिथे मिळते तिथे तिनं दोन फेऱ्या मारल्या.

उतरल्यावर तिनं उरलेलं पेट्रोल काढून दिराच्या स्कूटरमध्ये घालायला सांगितलं. तो संकोचला. राहू द्या, म्हणाला, पुढच्या वेळी होईल.

"घ्या," ती म्हणाली. "हे मी भरलंय."

आता मी रिकामी आहे. रिकामपण टाकीला बाधत नाही, असं तो म्हणायचा. मला रोज तो आठवतो, आणि आठवण साठवायला टाकी लागत नाही. ज्यांच्याकडे माझ्यासारखी टाकी आहे त्यांना एवढंच सांगणं: ज्या दिवशी जायचं असेल त्या दिवशी भरा, आणि भरलंत तर जा.